वाढ साऱ्या महानगराची, तिजोरी मात्र हद्दीपुरती

महानगरांच्या आर्थिक वाढीचे आकडे जाहीर झाले की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी वाढ होऊ द्या, कारखाने-कचेऱ्या येऊ द्या, वाटपाचे नंतर बघू. दुसरी बाजू काचेच्या मनोऱ्यांलगतच्या झोपड्यांकडे बोट दाखवते आणि ही वाढच सगळ्या विषमतेचे मूळ आहे असे सांगते. दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात, दोघांच्याही हातात आकडे असतात, आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच संपतो. माझ्या मते दोघेही आडातल्या पाण्याची पातळीच मोजत बसले आहेत. दोर कोणाचा किती लांब आहे आणि आडावर पाय ठेवायची मुभा कोणाला आहे, हे विचारायचे राहूनच जाते. वाढीमुळे विषमता अटळपणे येते असे नाही, आणि वाढ रोखली म्हणून ती जातही नाही. ती मुख्यतः ठरते माणसांनीच केलेल्या साध्या नियमांवरून: कराचा पैसा कोणत्या हद्दीत जमा होतो, घर कुठे बांधू दिले जाते, आणि मुलाची शाळा कोणत्या पत्त्यावरून ठरते.

महानगर ही अर्थव्यवस्था म्हणून एकच वस्तू असते. माणूस एका नगरपालिकेत राहतो, दुसरीत राबतो, तिसरीत खरेदी करतो. कारभाराच्या दृष्टीने मात्र त्याच महानगराचे दहा, पन्नास, कधी शंभर तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याची तिजोरी वेगळी. या वेगळ्या तिजोऱ्या काय करतात, हे पाहायला १९२१ सालच्या लंडनमध्ये जायला हवे. शहराच्या पूर्वेला पॉप्लर नावाचा बरो, म्हणजे स्वतःची पालिका असलेला विभाग, होता. वेस्ट इंडिया आणि ईस्ट इंडिया या गोद्या इथल्याच. जगभरचा माल या धक्क्यांवर उतरे आणि त्यावर लंडनच्या पेढ्या श्रीमंत होत. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत गोदीतले काम आटले, बेकारांच्या रांगा वाढल्या. गरिबांना द्यायच्या मदतीचा मोठा बोजा ज्या त्या भागाने आपल्याच घरपट्टीतून उचलायचा, असा नियम होता. म्हणजे जिथे गरीब जास्त तिथे खर्च जास्त, आणि जिथे गरीब जास्त तिथेच घरे स्वस्त, म्हणून उत्पन्न कमी. पौंडामागे एक पेनी घरपट्टी लावून सधन वेस्टमिन्स्टर भागाला जे मिळे, त्याचा एक लहानसा अंशच पॉप्लरच्या हाती लागे. त्यामुळे गोदी कामगाराच्या दोन खोल्यांवर श्रीमंत वस्तीतल्या हवेलीपेक्षा चढा दर बसे.

जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकारी नगरसेवकांनी लंडन काउंटी कौन्सिल व इतर महानगरी संस्थांसाठी वसूल करून द्यायचा वाटा द्यायला नकार दिला. २९ जुलै १९२१ रोजी ते मिरवणुकीने हायकोर्टाकडे चालत गेले. पॉप्लर बरो कौन्सिल हायकोर्टाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे निघाले आहे, असे त्यांच्या फलकावरच लिहिलेले होते. सप्टेंबरात ३० नगरसेवक तुरुंगात गेले. त्यांत ५ स्त्रिया होत्या. सहा आठवड्यांनी सरकारला त्यांची सुटका मान्य करावी लागली, आणि मदतीचा बोजा साऱ्या लंडनवर वाटणारा कायदा त्याच वर्षी झाला. तुरुंगात गेलेल्यांपैकी मिनी लॅन्सबरी १ जानेवारी १९२२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी न्यूमोनियाने वारल्या. मला या प्रसंगातली एक गोष्ट सतत खुणावते. त्या नगरसेवकांनी लंडनची वाढ थांबवा अशी मागणी केली नव्हती. ज्या वाढीला आमच्या धक्क्यांनी खांदा दिला तिच्या हिशेबात आम्हाला धरा, एवढेच ते म्हणत होते. आज त्याच वेस्ट इंडिया गोदीच्या जागेवर कॅनरी वॉर्फच्या बँकांचे मनोरे उभे आहेत, आणि तो परिसर ज्यात मोडतो त्या टॉवर हॅम्लेट्स बरोची गणना वर्षानुवर्षे इंग्लंडमधल्या सर्वाधिक बालदारिद्र्याच्या भागांत होते. वाढ अक्षरशः त्याच जमिनीवर येऊन उभी राहिली. मग झिरपायला तिला आणखी किती जवळ यायला हवे होते?

आता वाढीच्या बाजूने जे सर्वांत भक्कम बोलले जाते ते आधी मान्य करतो. वाढ नसलेले शहर समान नसते, ते फक्त रिकामे होत जाते. माणसे आणि धंदे एकमेकांजवळ आले की दोघांचीही उत्पादकता वाढते. एका धंद्याच्या खाचाखोचा जणू त्या गावच्या हवेतच असतात, या अर्थाचे अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लिहिले होते, ते आजच्या सॉफ्टवेअरच्या शहरांनाही लागू पडते. दुसरे असे की भरभराटीच्या शहरात गरीब दिसतात, कारण गरीब तिथे येतात. त्या शहराने त्यांना गरीब केलेले नसते, संधीच्या ओढीने ते आलेले असतात. नुसत्या विषमतेच्या निर्देशांकावरून शहराला दोषी ठरवणे म्हणजे दवाखान्यात आजारी माणसे फार म्हणून दवाखान्यालाच रोगाचे कारण समजणे. आणि तिसरे, डेट्रॉइट. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेले हे मोटारींचे शहर २०१० पर्यंत सात लाखांवर आले आणि जुलै २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह त्याने दिवाळखोरी पत्करली. वाढीशिवाय न्याय, असे म्हणणाऱ्यांना या शहराकडे पाहावेच लागते.

पण डेट्रॉइटकडे नीट पाहा. दिवाळखोर झाली ती नगरपालिका. महानगर नव्हे. शहराच्या हद्दीबाहेर, एट माइल रस्त्याच्या उत्तरेला असलेली ओकलँड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) याच काळात अमेरिकेतल्या सधन काउंट्यांमध्ये गणली जात होती. सारा महानगर प्रदेश मिळून चाळीस लाखांहून अधिक माणसे तिथे राहतच होती. पैसा नाहीसा झाला नव्हता, तो रेषेपलीकडे गेला होता. ती रेषा किती कोरडेपणाने आखली गेली याची एक खूण तिथे आजही उभी आहे. एट माइल रस्त्याजवळ १९४१ मध्ये एका बिल्डरने सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, आणि वस्ती अशी लगत असेल तर गोऱ्यांसाठीच्या नव्या घरांच्या कर्जाला सरकारी हमी मिळत नव्हती. भिंत झाली, हमी मिळाली. घरांच्या मागच्या अंगणांमधून जाणाऱ्या त्या भिंतीवर आता रंगीत चित्रे आहेत. पण या एका भिंतीपेक्षा कागदावरची भिंत जास्त पक्की ठरली. डेट्रॉइटच्या शाळांमधला वर्णभेद मोडायचा तर शहर आणि ५३ उपनगरी शाळा-जिल्हे मिळून योजना हवी, असे खालच्या कोर्टांनी म्हटले होते. जुलै १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते फेटाळले. उपनगरांनी भेदभाव केल्याचे सिद्ध झाले नसताना जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडता येणार नाहीत, हा निकालाचा गाभा. ज्याला परवडेल त्याने रेषेपलीकडे जावे, आपली मुले आणि आपला कर सोबत न्यावा, याला त्या दिवसानंतर अडसर उरला नाही.

त्याच वर्षी, १९७४ मध्येच, मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उलट प्रकारचे प्रकरण होते. मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या सात काउंट्यांसाठी १९७१ मध्ये राज्याने एक कायदा केला होता: व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात १९७१ नंतर जी वाढ होईल, तिच्यातला ४० टक्के वाटा प्रत्येक नगरपालिकेने सामाईक खात्यात टाकायचा आणि तो गरजेप्रमाणे साऱ्या प्रदेशात वाटायचा. एक उपनगर याविरुद्ध कोर्टात गेले. आमच्या हद्दीतल्या कारखान्याचा कर दुसऱ्यांना का? कोर्टाने कायदा वैध ठरवला आणि तो आजही चालू आहे. जुन्या उत्पन्नाला यात हात लावलेला नाही, नव्या वाढीतलाच वाटा घेतला आहे, आणि उरलेला ६० टक्के ज्याचा त्याला ठेवला आहे. म्हणजे नवा धंदा आणण्याची ओढ शिल्लक राहते, पण त्यासाठी शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवण्याची चढाओढ कमी होते. तो प्रदेश ओस पडला का? मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालये आजही तिथे आहेत. या कायद्याने तिथली सगळी दुखणी गेली असे म्हणणार नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांमधली दरी तिथेही खोल आहे, कारण घर आणि शाळा हे प्रश्न कराच्या एका खात्याने सुटत नाहीत. पण वाढ आणि वाटप एकत्र नांदू शकत नाहीत, या ठाम विधानाला पन्नास वर्षे चाललेले हे उत्तर आहे.

इथे सोन्याच्या अंड्याची गोष्ट पुढे केली जाते. कोंबडीवर हात टाकाल तर ती उडून जाईल, कंपन्या दुसऱ्या शहरात जातील. ही भीती पोकळ नाही. एकट्या नगरपालिकेने दर चढवले तर धंदा रस्ता ओलांडून पलीकडे जातोच. पण हा युक्तिवाद नेमका कशाविरुद्ध जातो? तुकड्या-तुकड्यांच्या तिजोऱ्यांविरुद्ध. सारे महानगर एका हिशेबात आले की पलीकडचा रस्ताही त्याच हिशेबात असतो. शिवाय कंपनी उठून जाऊ शकते, जमीन जात नाही. आणि महानगराच्या भरभराटीतला फार मोठा भाग शेवटी जमिनीच्या किमतीत जाऊन बसतो. ती किंमत जमीनमालकाच्या कष्टाने वाढत नाही, शेजारून गेलेल्या रेल्वेने आणि आसपास राबणाऱ्या लाखो हातांनी वाढते.

व्हिएन्नाने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९२२ च्या आरंभी व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला आणि स्वतःचे कर लावण्याचा अधिकार आला. १९२३ मध्ये शहराचा अर्थविभाग सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी घरबांधणी कर लावला. आलिशान घरांवर चढा, साध्या घरांवर नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. एक किलोमीटरहून लांब पसरलेल्या कार्ल मार्क्स होफमध्ये नुसत्या खोल्या नव्हत्या, धुलाईघरे होती, बालवाड्या होत्या, मुलांना खेळायला आवारे होती. आज व्हिएन्नातले जवळजवळ निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात आणि ते शहर कोणत्याही अर्थाने दरिद्री नाही. कोणी म्हणेल, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, जमीन मातीमोल झाली होती. खरे आहे. पण जमीन स्वस्त झालेली तर त्या काळी आणखीही शहरे होती. व्हिएन्नाकडे अधिकार होता आणि तो वापरायची इच्छा होती.

घराचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण वाढ आणि माणूस यांच्यामधला दरवाजा तोच आहे. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत अमेरिकेतली गरीब राज्ये श्रीमंत राज्यांना हळूहळू गाठत होती, उत्पन्नातले अंतर वर्षाला साधारण १.८ टक्क्यांनी कमी होत होते. त्यामागे एक साधी गोष्ट होती: माणसे गरीब भागातून उठून श्रीमंत शहरांकडे जात होती. पुढे हा ओघ आटला. पीटर गनाँग आणि डॅनियल शोग या अर्थतज्ज्ञांनी याचे कारण एका वकिलाच्या आणि एका सफाई कामगाराच्या हिशेबातून दाखवले. १९६० च्या सुमारास दक्षिणेतल्या गरीब राज्यांतून न्यूयॉर्क परिसरात आलेला वकील आणि सफाई कामगार, घराचा खर्च वजा करूनही दोघेही फायद्यात राहत. २०१० पर्यंत वकील फायद्यातच राहिला. सफाई कामगाराचा पगार न्यूयॉर्कमध्ये अजूनही जास्त होता, पण तो सगळा आणि वर थोडा जास्तच घराने गिळला. त्याने यावे तरी कशाला? म्हणजे भरभराटीच्या शहरांत गरीब येतात, हा मघाशी मान्य केलेला मुद्दा एकेकाळी जितका खरा होता तितका आता राहिलेला नाही. दारावर वाढत्या भाड्याचा पहारेकरी बसला आहे.

हा पहारेकरी बाजाराने बसवला, असे सांगितले जाते. सॅन फ्रान्सिस्को परिसराची रचना पाहिली तर तसे म्हणता येत नाही. ९ काउंट्या, १०१ नगरपालिका. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या प्रस्तावाने मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या साधारण १ टक्क्यावर रोखला आणि करपात्र मूल्यातली वार्षिक वाढ २ टक्क्यांवर बांधली. अशा स्थितीत नगरपालिकेने काय करावे? दुकाने आणि कचेऱ्या हव्यात, त्यांतून उत्पन्न येते. घरे नकोत, घरांबरोबर शाळेची मुले आणि पाण्याच्या जोडण्या येतात. घरे शेजारच्या गावाने बांधावीत. शेजारचे गावही हाच विचार करते. प्रत्येकाचा हिशेब आपल्यापुरता बरोबर, आणि सगळ्यांचा मिळून परिणाम असा की त्या कचेऱ्या झाडणारी माणसे दिवस उजाडायच्या आत स्टॉक्टनसारख्या दूरच्या गावातून निघतात, अंधारातच अल्टामाँट खिंड ओलांडतात आणि रात्री परततात तेव्हा मुले झोपलेली असतात. आठवड्याचे वीस-वीस तास रस्त्यात. वाढीच्या कोणत्याही आकड्यात हे तास वजा केलेले नसतात.

याउलट न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१० मध्ये आपली आठ वेगवेगळी मंडळे मोडून एकच महापालिका केली. त्या एका महापालिकेने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या जवळपास तीन-चतुर्थांश भागावर पूर्वीपेक्षा दाट बांधकामाला मुभा दिली आणि घरबांधणीचे परवाने झपाट्याने वाढले. आठ तुकड्यांना हे जमले असते असे मला वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या जुन्या बंगल्यांची बाजू घेतली असती.

हद्दी मोडल्या की काम झाले, असेही नाही. जोहान्सबर्गचे उदाहरण माझ्या म्हणण्याला अडचणीचे आहे, म्हणून ते टाळणार नाही. शहरालगतच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीतल्या कामगारांची मजुरी गोऱ्यांच्या जोहान्सबर्गमधल्या दुकानांत खर्च होई आणि कर त्याच शहराला मिळे. सोवेटोत मात्र दिवे-पाण्याची वानवा. १९८६ मध्ये तिथे भाडेबहिष्कार सुरू झाला आणि त्यातून ‘एक शहर, एक करआधार’ ही घोषणा पुढे आली. वर्णभेद संपल्यावर ती प्रत्यक्षात आली, तेव्हा सधन सँडटनमधल्या रहिवाशांनी १९९६ मध्ये वाढीव कराविरुद्ध स्वतःचा बहिष्कार पुकारला. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि १९९८ मध्ये महानगर परिषदेच्या बाजूने निकाल लागला. २००० मध्ये एकसंध महापालिका आली. तरीही जोहान्सबर्ग जगातल्या सर्वांत विषम शहरांमध्ये मोजले जाते. तिजोरी एक झाली, पण स्वस्त घरे पुन्हा शहराच्या कडेलाच बांधली गेली आणि नोकऱ्या होत्या तिथेच राहिल्या. यावरून मी असा निष्कर्ष काढत नाही की तिजोरी एक करणे व्यर्थ होते. सोवेटोत नळ आणि वीज पोहोचायला तो पैसा लागलाच. पण घराची जागा चुकली की कराचा न्यायही अर्धाच पोहोचतो.

आणि शाळा? अमेरिकेत १९८० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात जन्मलेले मूल सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात पोहोचण्याची शक्यता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत १२.९ टक्के होती, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये ४.४ टक्के. शार्लट हे काही मरणपंथाला लागलेले गाव नव्हते. त्या दशकांत ते देशातले एक मोठे बँकिंग केंद्र झाले, वस्ती वाढत होती, मनोरे उठत होते. तरी तिथल्या गरिबाच्या मुलाची संधी सॅन होजेच्या तुलनेत जेमतेम एक-तृतीयांश. वाढच सारे ठरवत असती तर हे दोन आकडे इतके दूर का पडले असते? जिथे गरीब वस्त्या वेगळ्या टाकलेल्या आणि शाळा कमकुवत, तिथे ही शक्यता कमी, असे त्या अभ्यासात दिसले.

उरतो तो धीराचा सल्ला. विषमता आधी वाढते, मग आपोआप उतरते, थांबा. हा सल्ला अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या १९५५ च्या निबंधाच्या आधाराने दिला जातो. त्याच निबंधात त्यांनी कबूल केले होते की यातली माहिती फार तर ५ टक्के आहे आणि ९५ टक्के तर्क. थांबणे म्हणजे काय असते ते मँचेस्टरने पाहिले आहे. सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांतल्या मृत्यूंचे सरासरी वय १७ होते. रटलंडच्या ग्रामीण भागातल्या मजुरांचे ३८. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली येतो, हे लक्षात घेऊनही तो भयंकर आहे, कारण मँचेस्टरमधल्या सधन वर्गाचे वयही ३८ च होते: जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या शहरातला साहेब आणि खेड्यातला मजूर बरोबरीत. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांच्या हिशेबाप्रमाणे १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये प्रत्येक कामगारामागचे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले, खरी मजुरी १२ टक्क्यांनी. दोन पिढ्या थांबल्या आणि गेल्या. पुढे परिस्थिती पालटली ती गटारांनी, नळांनी आणि ती बांधायला कर्ज काढणाऱ्या नगरपालिकांनी. बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी १८७५-७६ मध्ये शहराचा गॅस आणि पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून महापालिकेकडे घेतला. गॅसचा नफा शहराच्या कामी यावा, पाण्यावर मात्र नफा नको, अशी त्यांची भूमिका होती. ते समाजवादी नव्हते, स्क्रूच्या कारखान्यात पैसा कमावलेले उद्योजक होते.

थांबा म्हणणाऱ्यांना आणखी एक प्रयोग ठाऊक असायला हवा. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या सरकारी वसाहतींतल्या गरीब कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून, कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी घरभाड्याची मदत देण्यात आली. सुरुवातीला निकाल निराशाजनक वाटले, कारण मोठ्या माणसांची कमाई वाढली नाही. मुले मोठी होऊन कमवू लागली तेव्हा चित्र वेगळे दिसले. स्थलांतराच्या वेळी जी तेरा वर्षांच्या आतली होती, त्यांची कमाई पंचविशीत पोहोचेपर्यंत मागे राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त झाली. जी तेरा ओलांडून गेली होती त्यांना काही लाभ झाला नाही, उलट थोडे नुकसानच झाले. हद्दींचा आणि घरांचा प्रश्न पुढच्या दशकावर ढकलताना हे वय समोर ठेवावे. आज त्या वस्तीत आठ वर्षांचे असलेले मूल पाच वर्षांत तेरा वर्षांचे होणार आहे.